इचोड्याच्या मैदानावरची शेवटची चढाई

आदरणीय किसनराव दुर्गे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा समितीनं मला चार पानं दिली आणि बजावलं, "गोड लिहा. सरांची तब्येत नाजूक आहे." मी पंचवीस वर्षं सरकारी शाळेत पी.ई.टी., म्हणजे खेळाचा मास्तर, म्हणून शिट्टी वाजवली आहे. गोड लिहिण्याचा सराव मला नाही. शिवाय जे लिहायचं आहे ते गोडही नाही. वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी झालेल्या बंदपायी सत्कार दोनदा पुढे गेला आणि मला दोनदा वाटलं, बरं झालं, लिहिणं टळलं. आता टाळत नाही.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आदिलाबादच्या कॉलेजच्या मैदानावर. नुकताच अकरावीला नाव घातलं होतं. एक मध्यमवयीन गृहस्थ वाकून चुन्याच्या फक्कीनं कबड्डीचं मैदान आखत होते. कोपरापर्यंत हात पांढरे, डोक्यावर रुमाल. मला वाटलं, शिपाई असतील. मी विचारलं, "खेळाचे पी.डी. साहेब कुठं भेटतील?" ते न बघताच म्हणाले, "भेटले. नाव सांग."

"वसंत शेंडे. मावल्याचा."

त्यांचा हात थांबला. फक्की एकाच जागी पडत राहिली आणि रेषेवर पांढरा ढीग झाला. "सदाशिव शेंड्यांचा काय?" मी हो म्हणालो. सरांनी तो ढीग पायानं सारखा केला, रेषा पूर्ण केली आणि म्हणाले, "उद्या पाच वाजता ये. बूट नको घालू." तो थांबलेला हात मला पुढे वीस-बावीस वर्षं आठवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात पोरं साखळी करून उभे राहिलो. चढाईला सर स्वतः आले. मध्यरेषेवर वाकून रेषेला हात लावला, दम धरला आणि आत शिरले. जाताना नुसतं म्हणाले, "धरा मले." आम्ही कोणी धरलं नाही. सर बौद्ध समाजाचे, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हा सातांपैकी पाचांना घरून काय सांगितलेलं होतं ते इथं लिहायला नको. आम्ही शिताफीनं चुकल्याचं नाटक केलं. सर फिरून मध्यरेषेवर गेले आणि शांतपणे म्हणाले, "सगळे बाद. पुन्हा उभे राहा."

हे तीन संध्याकाळी चाललं. सर रागावले नाहीत, उपदेश केला नाही. आत यायचे, आम्हाला शिवायचे, परत जायचे. चौथ्या दिवशी मला माझीच लाज वाटली की नुसता कंटाळा आला, आज सांगता येत नाही. पण मी डाव्या कोपऱ्यातून झेप घेतली आणि त्यांचा घोटा धरला. सर तोंडावर पडले. उठले तेव्हा ओठ फुटला होता आणि ते हसत होते. चाळीशी ओलांडलेला माणूस मातीत पडून इतका खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

घरी आईनं पाणी तापवूनच ठेवलं होतं. "आंघोळ करून मंगच घरात ये," ती म्हणाली. बाबा ओट्यावर वांग्याची टोपली निवडत बसले होते. त्यांनी आंघोळीचं काही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "घोट्याले धरलं का कमरेले?"

"घोट्याले."

"एका हातानं का दोन्ही?"

"दोन्ही."

"अन् राह्यला काय हातात?"

राहिले, असं मी म्हणालो. बाबा पुन्हा वांगी निवडायला लागले. भाजीचा मळा सोडून जगात कशात लक्ष नसलेल्या माणसाला हे कशाला हवं, असं मला वाटलं. मी आंघोळ केली. तेही आज लिहून टाकतो.

त्यानंतर दोन वर्षं सरांनी मला डाव्या कोपऱ्यातून हलवलं नाही. घोट्याची पकड त्यांनी मला जेवढी शिकवली तेवढी कोणालाच शिकवली नाही. अंगठा कुठं, गुडघा कुठं टेकायचा, पकडल्यावर मागं ओढायचं नाही, खाली दाबायचं. "हात लागला म्हनजे धरलं, असं नाही," ते सांगायचे. "समोरचा जीव तोडून सुटतो. त्याच्या सुटण्याची कदर असली पायजे." असं बोलणारा प्रशिक्षक मला पुढे भेटला नाही. मी स्वतः पोरांना जे शिकवलं ते सगळं याच उसनवारीवर.

सरांच्या मोठेपणाचे दाखले या ग्रंथात इतरांनी दिले असतीलच. माझा एक घ्या. माझा पाय मुरगळला तेव्हा सरांनी स्टाफरूमच्या पायरीवर बसून गरम मिठाच्या पुरचुंडीनं तो आठ दिवस शेकला. स्टाफरूमच्या आत ते फारसे बसतच नसत. तिथं माठ होता, माठावर सहा पेले होते आणि सरांसाठी एक सातवा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला होता. कोणी ठेवला हे कोणी सांगत नव्हतं. सरांनी त्या पेल्यानं कधी पाणी प्यायलं नाही आणि त्याबद्दल भांडणही केलं नाही. घरून पाण्याची पितळी फिरकी, पेचाच्या झाकणाचा तांब्या, आणायचे आणि पायरीवर बसून प्यायचे. आमचा संघ जिंकून आला तेव्हाचा फोटो कॉलेजात बरीच वर्षं टांगलेला होता. मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना गावचे प्रतिष्ठित, खाली आम्ही. सर फोटोत नाहीत. फोटोवाल्यानं "जरा सरका" म्हटलं, ते सरकत गेले आणि चौकटीबाहेर राहिले. आम्ही सात जणांनी ते पाहिलं आणि छात्या फुगवून बसलो.

नोकरीचंही तसंच. आम्हा मराठी पोरांची तेलुगू म्हणजे आनंदच होता. सरांनी माझा अर्ज तेलुगूत स्वतःच्या हातानं लिहिला, हैदराबादला मुलाखतीला सोबत आले आणि दिवसभर बाहेर उन्हात झाडाखाली बसून राहिले. निवड झाल्याचं कळवलं तेव्हा म्हणाले, "आता पोरांना खेळू दे. शिट्टी कमी वाजव." सर स्वतः ज्या जागेवर लागले त्याच जागेवरून निवृत्त झाले. त्यांच्या मागून आलेले दोघे वरच्या पदावर गेले. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, नारळ दिला, आणि वर्षभरात ते मैदान खोदून तिथं नव्या खोल्या बांधल्या.

आता मूळ गोष्ट.

बेल्लमपल्लीची स्पर्धा हरून आम्ही बसनं परत येत होतो. माझ्या हातून शेवटचा गडी सुटला होता आणि मी तोंड पाडून बसलो होतो. सर शेजारी येऊन बसले. त्यांनी आपली गोष्ट सांगितली. अशी की जणू दुसऱ्या कोणाची.

सर बावीस वर्षांचे असताना बौद्धवाड्याच्या पोरांचा संघ घेऊन इचोड्याच्या बाजारच्या मैदानावर खेळले. अस्पृश्यताबंदीचा कायदा नवा होता, म्हणून त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मग बाकीच्या गावांनी आपसात ठरवलं: खेळू द्यायचं, पण दुर्ग्याला धरायचं नाही. मैदानाच्या कडेला पाण्याची बादली ठेवली होती. सरांनी शिवून बाद केलेला गडी आधी बादलीतलं पाणी डोक्यावर शिंपडायचा, मग बसायचा. लोक हसायचे. सर चढाईमागून चढाई करत गेले आणि अंतिम सामन्यापर्यंत एकदाही पकडले गेले नाहीत.

"शेवटच्या चढाईत एक हात लागला," सर म्हणाले. "घोट्याले. दोन्ही हात व्हते. मले वाटलं, वा, कोणीतरी धरलं. मी जीव खाऊन जोर केला अन् रेषा गाठली. जिंकलो म्हनून नाही, वसंता, धरलं म्हनून मी नाचलो."

राज्याच्या संघासाठी पोरं निवडणारी मंडळी तिथं बसलेली होती. त्यांना सरांचा खेळ आवडला होता. पण एकानं शंका काढली की याला कोणी धरतच नाही, तर याचा खेळ पारखायचा कसा. मग त्यांनी हात घालणाऱ्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही धरलं होतं की सोडून दिलं?" तो म्हणाला, "सोडून देलं." सरांचं नाव यादीतून गेलं. सर पुन्हा खेळाडू म्हणून मैदानात उतरले नाहीत. शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि फक्कीचा डबा हातात घेतला.

"नाव गेलं त्याचं काही नाही," सर म्हणाले. "पर मी खेळाडू व्हतो का नव्हतो, हे मले अजून मालूम नाही. समद्यांनी सोडून देलं असन तर मी काय केलं? नुसता पळून राह्यलो व्हतो."

मी विचारलं, "कोण व्हता तो, सर?"

"जाऊ दे," ते म्हणाले. "त्याचं पोट्टं चांगलं निघालं." आणि डोळे मिटून घेतले. मी अठरा वर्षांचा ठोंब्या. मला काही कळलं नाही.

कळलं ते बाबांच्या शेवटच्या आजारात, अकरा वर्षांपूर्वी. दुपारी मी त्यांना पेज भरवत होतो. अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "त्या दुर्ग्याले मी सोडलं नव्हतं."

मी वाटी खाली ठेवली.

"इचोड्याले. समद्यांनी ठरवलं व्हतं, धरायचं नाही. पर तो असा आला... मी इसरलो. दोन्ही हातानं धरला घोटा. माहा पंजा तुले मालूम आहे, मोटेचा दोर धरलेला. अन् तो निसटला. तसा गडी मी पाह्यला नाही."

"मंग सोडलं म्हनून काऊन सांगतलं तुमी?"

बाबा कौलांकडे बघत म्हणाले, "धरलं म्हनतो तर गाव माह्यावर थुंकते. निसटला म्हनतो तर गाव हासते. सोडलं म्हनलं, तं कोनीच काही म्हनलं नाही." मग म्हणाले, "तुले त्याच्यापाशी खेळाले जाऊ देलं ना मी? कधी नाही म्हनलं?" एवढीच त्यांची बाजू होती. आठवड्यानं ते गेले.

तेव्हा मला फक्कीचा तो ढीग आठवला. माझं नाव ऐकूनच सरांना कळलं होतं की कोणाचा मुलगा समोर उभा आहे. तरी त्यांनी मला बोलावलं, त्याच डाव्या कोपऱ्यात उभं केलं, तीच पकड शिकवली आणि आपल्याच घोट्यावर शिकवली. माझा पाय शेकला, अर्ज लिहिला, उन्हात बसले. मला राहून राहून वाटतं की दर संध्याकाळी "धरा मले" म्हणताना सर त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत होते. ते उत्तर मावल्यात आमच्या ओट्यावर बसलेलं होतं. पुढे ते माझ्याकडे आलं आणि मी अकरा वर्षं दाबून ठेवलं.

का? बापाची लाज वाटली, हे पहिलं. दुसरं म्हणजे, मी सांगितलं असतं तर सर रागावले नसते. त्यांनी मला चहा पाजला असता आणि पोरांची चौकशी केली असती. ते मला सोसलं नसतं. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जायचो, फराळाचा डबा ठेवायचो, गुडघ्याची चौकशी करायचो आणि परत यायचो. यंदा गेलो तर सरांची डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं जड झालं आहे, नजरही गेल्यात जमा आहे. त्यांची मुलगी सुजाताताई त्यांना पेपर वाचून दाखवते. खेळाचं पान आधी. निघताना मी वाकलो, तर सरांनी नेहमीप्रमाणे पाय मागं घेतला. ते कोणालाही पाया पडू देत नाहीत. या वेळी डावा पाय त्यांना मागं घेता आला नाही, आणि मी तो घोटा हातात घेऊन तसाच बसून राहिलो. 

सुजाताताई, हा ग्रंथ घरी आला की बाकीची भाषणं राहू द्या. एवढंच सरांना मोठ्यानं वाचून दाखवा.

सर, इचोड्याला शेवटच्या चढाईत सदाशिव शेंड्यांनी तुम्हाला सोडलं नव्हतं. दोन्ही हातांनी, होती नव्हती ती ताकद लावून धरलं होतं. तुम्ही स्वतःच्या जोरावर सुटलात. ते खोटं बोलले, आणि मी गप्प राहिलो. तुम्ही खेळाडू होता.

इचोड्यानंतरची त्रेपन्न वर्षं तुम्ही हे माहीत नसताना काढलीत. ते माहीत असताना जगायला तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळोत, डाव्या पायात पुन्हा बळ येवो, ही मनापासूनची इच्छा. आणि ती वर्षं कमी पडली, तर उशीर माझा आहे.