अठ्ठेचाळीस व्होल्टचा माणूस

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि सीतारामरावांच्या पँटला पुन्हा भोकं पडायला लागली. मोहरीएवढी, मांडीवर आणि पोटरीपाशी. ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा काही दिसत नाही, कपडा धुतला की भोक हातात येतं. लग्न झाल्यापासून द्वारकानं ही भोकं रफू केली होती. त्यामुळे दोरीवर वाळत घातलेली पँट उजेडात धरताच तिला कळलं, की नवऱ्याचा हात पुन्हा बॅटरीत गेला आहे.

सीताराम ओव्हाळ बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. लोकांना टेलिफोन म्हणजे काळं यंत्र आणि तार एवढंच ठाऊक. पण वीज गेली तरी फोन चालू राहायचा तो एक्स्चेंजच्या तळमजल्यावरच्या बॅटरी रूममुळे, आणि ती रूम होती सीतारामरावांकडे. काचेच्या बरणीसारखे चोवीस सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट, एकूण अठ्ठेचाळीस. रोज सकाळी प्रत्येक सेलमधलं ॲसिड हायड्रोमीटरनं तपासायचं, कमी असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि रजिस्टरात नोंद करायची. त्या रजिस्टराचा शेवटचा रकाना होता ‘कोणाकडून झाले’. काही बिघडलं की ज्याच्या हातून बिघडलं त्यानं तिथे स्वतःच्या अक्षरात नाव घालायचं. बत्तीस वर्षांत सीतारामरावांचं नाव त्या रकान्यात एकदाही आलं नव्हतं. पुढे घरोघरी मोबाइल आले, फोन परत करायला लोक रांगा लावू लागले, तरी खाली सेल तपासणं चालूच होतं.

त्यांची मुलगी आम्रपाली खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. तिनं कोणाकडून तरी एक जुनी, बैठी, विजेवर चालणारी गाडी घेतली. पुढे दोन माणसं बसत, मागे एखादं सडसडीत माणूस कसंबसं. विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत तिला खेळणं म्हणत. दोन महिन्यांत खेळणं थकलं. सगळी रात्र चार्ज करूनही जेमतेम वीस किलोमीटर जायचं.

एका रविवारी सीतारामरावांनी पुढची सीट उचलली. खाली आठ बॅटऱ्या, सहा-सहा व्होल्टच्या. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

“अगं, ही तर आपलीच आहे,” ते द्वारकाला म्हणाले. “अठ्ठेचाळीस व्होल्ट.”

तिथून भोकं सुरू झाली.

द्वारकाला मात्र वेगळीच धास्ती होती. पंचवीस डिसेंबर जवळ येत होता. चोपन्न साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा तिच्या सासूबाई सुंदराबाई दोन वर्षांच्या सीतारामला कडेवर घेऊन तिथे उभ्या होत्या. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. यंदा गुडघे बसची पायरी चढू देत नव्हते आणि रिक्षातल्या गचक्यांनी कंबर धरायची. नातीची गाडी बसकी होती, म्हातारीला नुसतं वळून बसता यायचं. सुंदराबाईंनी एकदा तसं बसून पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, की यंदा मी पोरीच्या गाडीनं जाणार. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर.

आम्रपालीनं वर्कशॉपला विचारलं. त्यांनी आठही बॅटऱ्या बदला म्हणून सांगितलं. इंटरनेटवर तिला कोणी लिथियमच्या बसवून देणाराही सापडला होता. सीतारामरावांनी तो विषय एका वाक्यात मिटवला. ज्या बॅटरीचं झाकण उघडून आत बघता येत नाही, ती मी घरात घेणार नाही. मग त्यांनी दोनशे पानी वही आणली, जुन्या रजिस्टरासारखेच रकाने आखले आणि पंधरा दिवस रोज सकाळी आठही बॅटऱ्या तपासल्या. तिसरी आणि सहावी नापास झाल्या.

“आजारी दोन, आणि ऑपरेशन आठांचं?” ते म्हणाले. बॅटरी रूममध्ये नेहमी असंच करायचे. जो सेल खराब तोच काढायचा.

दोन नव्या बसल्या. गाडी पहिल्या दिवशी हरणासारखी पळाली. चौथ्या दिवशी आम्रपाली आईला घेऊन भोसरीकडे निघाली आणि दिघीच्या चढाला गाडी गप्प झाली. मागे हॉर्नचा गिल्ला. द्वारका पदर खोचून ढकलायला उतरली. स्कूटरवरचे एक गृहस्थ थांबले.

“पेट्रोल संपलं का?”

“यात पेट्रोल नसतं,” द्वारका म्हणाली.

“मग बरोबर आहे,” म्हणून ते निघून गेले.

टेम्पोच्या मागे बांधून गाडी घरी आली. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सीतारामराव वही घेऊन नाना पेठेत सुदर्शनशेठच्या बॅटरीच्या दुकानात गेले. शेठनं चष्मा लावून पानन्‌पान वाचलं आणि विचारलं, की तुमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्या दिवसातून किती वेळा रिकाम्या व्हायच्या. वीज गेली तरच, आणि तेही थोड्या, सीतारामराव म्हणाले.

“म्हणजे त्या बसून पगार घेत होत्या, काका. ही गाडी रोज मजुरी करते. सहा म्हाताऱ्यांमध्ये तुम्ही दोन पोरं घातलीत. पोरं पळाली, म्हातारे फरफटले. आठही एका वयाच्या पाहिजेत.”

घरी येऊन त्यांनी हे द्वारकाला जसंच्या तसं सांगितलं. मग वही उघडली, शेवटच्या रकान्यात ‘सी. ओव्हाळ’ लिहिलं आणि खाली तारीख घातली. बत्तीस वर्षांचा कोरा रकाना त्यांनी स्वतःच भरला होता. द्वारकानं न विचारताच चहा ठेवला.

शेठनं त्या दोन परत घेतल्या आणि आठ सारख्या, एकाच खेपेतल्या दिल्या. आता सीतारामरावांचा स्वतःवरही विश्वास उरला नव्हता. त्यांनी रंगीत तालीम ठरवली. सासूबाईंच्या जागी द्वारका आणि मागे द्वारकाच्या जागी गव्हाची पोती. त्यासाठी त्यांनी सोसायटीच्या फाटकात, वॉचमनसमोर, तिला तिचं वजन विचारलं.

“अठ्ठावन्न,” ती म्हणाली. “आणि हे वहीत लिहायचं नाही.”

त्यांनी लिहिलं. गाडी देहूरोडला जाऊन परत आली, चार्ज दाखवणारा काटा पाव भागाच्या जरा वर थांबला. आता काळजीचं काही नाही, असं आम्रपाली म्हणाली. द्वारकानं मान डोलावली आणि पिशवी भरायला घेतली. टॉर्च, दोरी, पाण्याच्या चार बाटल्या, छत्री, बाम, ग्लुकोज, आणि टेम्पोवाल्यांचे नंबर लिहिलेला पुठ्ठा.

पंचवीस तारखेला सुंदराबाई पांढरं पातळ नेसून पुढे बसल्या. मागे एकच जागा होती. सीतारामराव त्या जागेकडे बघत राहिले आणि बाजूला झाले. आपण बहात्तर किलो आहोत, तालीम अठ्ठावन्नची झाली आहे, असं म्हणून ते बसस्टॉपकडे चालायला लागले.

सगळा रस्ता द्वारका काट्याकडे बघत होती. सासूबाई बाहेर बघत होत्या आणि नातीला सांगत होत्या, की तेव्हा इथे नुसतं माळरान होतं. बॅटरी वाचवत सावकाश देहूरोडला पोचल्या तर बस बदलून आलेले सीतारामराव आधीच हजर. गर्दीतून वाट काढत ते खिडकीशी आले आणि वाकून काटा पाहिला.

“अर्ध्याच्या वर आहे,” ते म्हणाले.

“बॅटरीचं झालं असेल तर आईचंही विचार,” सुंदराबाई म्हणाल्या.

त्यांनी हात दिला. म्हातारी एका हातानं लेकाला आणि दुसऱ्या हातानं नातीला धरून, थांबत थांबत मूर्तीपर्यंत गेली. डोळे मिटून उभी राहिली. तिनं लेकाचा हात सोडला नाही, म्हणून त्यालाही तिथेच उभं राहावं लागलं.

परत निघताना सीतारामराव पुन्हा बसस्टॉपकडे वळले. द्वारकानं त्यांची बाही धरली.

“अहो, तुम्ही बसा. मी बसनं येते.”

“चौदा किलो जास्त होतील.”

“सात-आठ तर माझी ही पिशवीच आहे. आणि आईंनी आत्ता इथे घेतलेली पुस्तकं. ती मी नेते.”

त्यांनी मनाशी हिशेब केला. आम्रपालीनं आईकडे दोनदा पाहिलं. लेकीला एकटीला गाडी चालवू द्यायलाही जिनं महिनाभर घेतला होता, ती आता बसच्या रांगेत जाऊन उभी राहत होती.

बस निगडीच्या सिग्नलला थांबली तेव्हा खिडकीखालून ती छोटी गाडी आवाज न करता पुढे गेली. मागच्या सीटवर सीतारामराव गुडघे हनुवटीला लावून बसले होते, वही मांडीत दाबून. सासूबाई नातीला हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. द्वारकाचा हात पर्समधल्या मोबाइलकडे गेला. पोचल्यावर कळेलच, असं म्हणून तिनं त्या हातानं सुटे पैसे काढले आणि कंडक्टरकडून तिकीट घेतलं.