वंदीच्या डोंगरातल्या दाढीवाल्या बायका

फोन आला तेव्हा माझ्या दातांत दोरा होता. लातुरात माझं छोटं पार्लर आहे. खुर्चीत एक नवरी बसलेली, एक भुवई झालेली, एक बाकी. फोन वंदीच्या भावजयीचा, नांदेडहून. "शोभाताई, आमच्या वंदाताई गेल्या..." एवढंच बोलली आणि तिला हुंदका फुटला. त्या नवरीची दुसरी भुवई मी पूर्ण केली. कशी केली, देव जाणे. मग शटर ओढलं आणि नांदेडची गाडी धरली.

वंदना, म्हणजे आमची वंदी, आणि मी मूळच्या चाकूरच्या, एका गल्लीतल्या, शाळेत एका बाकावरच्या. पुढं ती नांदेडला, विष्णुपुरीच्या अंगाला एका शाळेत चित्रकला शिकवायला लागली आणि मी लातुरात हा धंदा धरला. नववीत असताना तिच्या हनुवटीवर केस यायला लागले. आधी नुसती लव, मग चांगले काळे, राठ. तिच्या आईनं हळद-बेसन लावलं, मसुराची डाळ वाटून लावली, डॉक्टर केले, नवस केले. केस काही मागं हटले नाहीत. बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. एकजण तर उंबऱ्यात चपला घालता घालता, आत ऐकू जाईल असं म्हणाला, "सून न्यायची का जावई?" तिच्या आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वंदी मोरीत कपबशा विसळत होती, ती नुसती हसली. तिच्या त्या हसण्याची मला आजही चीड येते... रडली असती तर बरं झालं असतं. लग्नाचा विषय तिनं तिथंच संपवला आणि भावाकडं राहिली.

सुट्टीच्या दिवशी ती लातूरला यायची, माझ्याकडून हनुवटी करून घ्यायला. "नांदेडात पार्लरं न्हाईत का गं?" असं मी चिडवलं की म्हणायची, "हायत की लई. पन तिथल्या पोरी आरशातून एकमेकींला डोळे मारतात." ज्यांनी कधी दोऱ्याचं काम करून घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते, दोऱ्याचं एक टोक आमच्या दातांत असतं आणि बसणारीला गाल फुगवून गप राहावं लागतं. म्हणजे दोघींची तोंडं बंद. वंदीसारख्या बडबडीला ही केवढी शिक्षा! म्हणून दोरा तुटला की, मी नवा ओढेपर्यंत ती घाईघाईनं बोलून घ्यायची. आमची सगळी मैत्री अशी तुटलेल्या दोऱ्यांच्या मधे झाली म्हणा ना.

बोलायची ती बुटक्यांबद्दल. आपल्यातली ठेंगणी माणसं नव्हेत हां, गोष्टीतली. तिला इंग्रजी जादूच्या कादंबऱ्यांचा भारी नाद. त्यांत म्हणे डोंगराखाली राहणारी बुटक्यांची एक जमात असते. खाणी खोदणारी, ऐरणीवर घण घालणारी, बेंबीपर्यंत दाढ्या असलेली. "पाचशे पानं झाली शोभे, एक बाई न्हाई! मग ही लेकरं काय खडक फोडून काढतात?" मी नवा दोरा दातांत धरला की ती गाल फुगवून गप. डोळे मात्र वटारलेले.

एकदा ती काम नसताना आली, तोंडाला स्कार्फ न बांधता. खुर्चीत धपकन बसली. "सापडल्या!" म्हणाली. एका पुस्तकात पार शेवटी दोन ओळी होत्या. बुटक्यांच्या बायकांनाही दाढी असते, म्हणून परक्यांना त्या ओळखूच येत नाहीत. "म्हंजे त्या पहिल्यापासून होत्या गं. प्रत्येक लढाईत, प्रत्येक पंगतीत. बघणाऱ्याला दिसल्या न्हाईत, तर त्यांचा काय गुन्हा?" हे सांगताना तिचा हात स्वतःच्या हनुवटीवर होता. पण तिचा आनंद फार दिवस टिकला नाही. नवीन पुस्तकांत बुटक्यांच्या बायका यायला लागल्या त्या गुळगुळीत गालांच्या, दोन वेण्या घातलेल्या. "बाई दाखवायची म्हटलं की आधी वस्तरा काढतात मेले!" असं म्हणून ती जी तणतणली!

मग तिनं आपलाच डोंगर उभा केला. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे ना, त्याच्या पाण्यामागं तिच्या बुटक्यांचं दार. तिथं नव्या माणसाला तू बाई का पुरुष, असं कुणी विचारत नाही. विचारतात, "तू काय बनवतोस?" आता मराठीत 'बनवतोस' म्हटलं तरी पंचाईत, 'बनवतीस' म्हटलं तरी पंचाईत, म्हणून शाळेत गोष्ट सांगताना ती नुसती दोन्ही हात पुढं करायची आणि पोरं ओरडायची, "मडकं!", "पूल!", "भाकरी!" आणि तिथली कुणी बाई वारली, तर तिची मैत्रीण तिची दाढी विंचरते, तिला दोरा बांधते आणि तिनं आयुष्यात काय काय बनवलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगते. या गोष्टी तिनं लिहून काढल्या, चित्रंही काढली. एका प्रकाशकाला गोष्टी आवडल्या. चित्रं मात्र बदला म्हणाला, बायकांना दाढ्या नकोत, मुलं घाबरतील. वंदी फोनवरच म्हणाली, "बापाच्या दाढीला घाबरत न्हाईत ते?" पुस्तक राहिलं. मी म्हटलं, अगं, पुस्तक निघू दे की, चित्रात काय एवढं? तर म्हणाली, "चित्रातबी मीच काढून टाकू व्हय?"

मग किडनीचं दुखणं निघालं. गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटले तेव्हा चेहरा पार उतरलेला आणि हनुवटीवर बोटाच्या पेराएवढे केस, काही पांढरे. मी सवयीनं पर्समधलं दोऱ्याचं रीळ काढलं. तिनं माझा हात धरला. "राहू दे शोभे." मला वाटलं, थकलीय. म्हटलं, पुढच्या बारीला करू. पुढची बारी ही अशी आली.

मी पोचले तेव्हा आंघोळ घालून झाली होती. भावजयीनं मला कोपऱ्यात ओढलं. "ताई, एवढं तोंड तेवढं साफ करा त्यांचं. बाया येऊन राहिल्या. जिंदगीभर हसले लोक, आज तरी कुणी हसू नये." फार मायेनं म्हणाली बिचारी, तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी दोरा ओढला, टोक दातांत धरलं, वाकले. तिचं तोंड बंद, माझं तोंड बंद, नेहमीसारखं. फक्त तिनं गाल फुगवला नाही. आणि मला ते 'राहू दे' आठवलं. ती थकली नव्हती. तिनं सांगितलं होतं मला, सरळ शब्दांत.

मी दातांतला दोरा काढला. म्हटलं, "वहिनी, कंगवा द्या." वंदीच्या गोष्टी तिनंही ऐकल्या होत्या, घरातल्या पोरांबरोबर. तिनं फळीवरचा कंगवा आणला आणि वंदीची हनुवटी हलकेच वर धरली. मी विंचरलं. पार्लरचाच पांढरा दोरा होता, तोच बांधला. मागून एक म्हातारी कुजबुजली, "हे काय गं बाई भलतंच?" भावजय मागं वळलीसुद्धा नाही. "आमच्या वंदाताईंच्यात असंच असतंय," म्हणाली. मग मी मोठ्यानं सांगायला लागले... हिनं चित्रं केली, डोंगर केला, त्यात बायका केल्या... राहिलेलं भावजयीनं सांगितलं. गोदावरीकाठी वंदी तशीच गेली, दाढीसकट.

आता पार्लर पुन्हा सुरू आहे. हात चालतात. पण कामात दोरा तुटला की मी नवा लगेच ओढत नाही, थांबते. खुर्चीतली बाई डोळे उघडून विचारते, "काय झालं ताई?"

"काही नाही," मी म्हणते. "तुम्ही बोला काहीतरी."