मेथीवरचं पाणी

पाण्याशी उभा दावा मांडलेली बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला मावससासू म्हणून आली. येवल्याहून लग्न होऊन मी नाशकात आले ती नव्वदच्या सुमाराची गोष्ट. माझ्या सासूबाई म्हणजे गरीब गाय, पण त्यांची थोरली बहीण म्हणजे तोफ! मखमलाबादकडे मळा, मळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर. मळा मावशींचे यजमान, आमचे काका, बघत आणि माल घेऊन गोदाकाठच्या भाजीबाजारात मावशी बसत. खाली गोणपाट, समोर जुड्यांची रास आणि उजव्या हाताला पाण्यानं भरलेली पितळी कळशी. त्या कळशीतलं पाणी त्या दिवसभर भाजीवर शिंपडायच्या. स्वतः मात्र घोटभरही घ्यायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "भाजीला तहान लागती. मला नाय लागत." मी भोळी, मला ते खरंच वाटलं. माहेरी जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, की माझी मावससासू उंटाच्या जातीची आहे.

बरं, हा दावा नुसता स्वतःपुरता असता तरी चाललं असतं. मावशी अख्ख्या जगाला पाण्यावरून जोखायच्या. माझ्या चुलतदिरासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलगी चांगली नाकीडोळी नीटस होती. तेवढ्यात मावशींनी विचारलं, "का गं, दिवसाचं पाणी किती पितीस?" पोरगी गोंधळली. आरोग्याचा प्रश्न असेल असं वाटून तिनं हसून सांगितलं, "भरपूर पिते." मावशी माझ्या सासूबाईंकडे वळल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोर ग्वाड हाय, पण बाजारात बसायच्या कामाची नाय." मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. लग्न जमलं, पण ती जाऊ अजून मला विचारते की त्या दिवशी माझं नेमकं चुकलं काय.

ते मला कळलं मे महिन्याच्या सुट्टीत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे सुट्टीत मोकळी. मावशींचे गुडघे धरले होते म्हणून मदतीला त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ऊन मी म्हणत होतं. मी मजेत उसाचा रस प्यायले, वर कळशीतलं गार पाणी प्यायले. मावशी नुसत्या बघत होत्या. दुपारी माझी चुळबुळ सुरू झाली. शेवटी मी हळूच कानाशी लागले, तर ही बाई खदाखदा हसायलाच लागली! "आता कळंल मास्तरीणबाईला," म्हणाल्या, आणि राशीतली एक ताजी कोथिंबिरीची जुडी उचलून मला हाताला धरून निघाल्या.

एवढा मोठा बाजार, निम्म्याच्या वर बायका बसणाऱ्या, पण बायकांना जायला जागा म्हणून नव्हती. पुरुषांना एक पडकी मुतारी होती आणि ती नकोशी वाटली तर सगळा गोदाकाठ मोकळा होता. बायकांची सोय म्हणजे मागच्या गल्लीतलं एक ओळखीचं घर. तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही, जुडी द्यायची, हा रिवाज. त्या घरच्या बाईनं दारातच जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. "आज जरा सुकल्यासारखी वाटते," म्हणाली आणि मग आत सोडलं. मी कळवळत उभी आणि ही कोथिंबीर हुंगतेय! परत येताना मावशी म्हणाल्या, "रोज कितींदा जायचं तिच्या दारात? त्यापरीस पाणीच नाय प्यायचं." त्या ओळीतल्या सगळ्याच बायकांनी पहाटेपासून पाणी घेतलेलं नसायचं. कुणाला लघवीला जळजळ, कुणाला ताप, कुणाचं ओटीपोट दुखतंय. विचारलं की म्हणायच्या, "काय नाय, उन्हाळी लागली." मी भर थंडीतसुद्धा त्यांना उन्हाळी लागलेली पाहिलेली आहे. मला त्या दिवशी रागानं रडू आलं.

पुढं कधीतरी बाजाराच्या कमिटीवर भाजीवाल्या बायकांतली एक घ्यायची असा वरून हुकूम आला. साहेब पाहणीला आले. त्यांना हवी होती मुकाट बसणारी. नेमकी त्या आठवड्यात मावशींची दाढ सुजलेली. गालाला फडकं बांधून त्या देवळातल्या मूर्तीसारख्या गप्प बसल्या होत्या. साहेबांनी बोट दाखवलं, "या आजींना घ्या." फसले बिचारे! दाढ बरी झाली आणि कमिटीची झोप उडाली. विषय कोणताही असो, मावशींचं वाक्य एकच. दिव्यांचा विषय निघाला की, "दिवं लावा, पर मुतारीचं काय?" कचऱ्याचा निघाला की, "कचरा उचला, पर मुतारीचं काय?" एका साहेबांनी सुचवलं, आजी, जरा 'ती सोय' असं म्हणत जा, बरं दिसतं. मावशी म्हणाल्या, "तुमाला तोंडानं म्हनायची लाज वाटती, मग बांधनार कशी?"

जागा नाही, पैसा नाही, बघू, करू, यात वर्षं गेली. मग मावशींनी डाव टाकला. पुढची मीटिंग बाजारातच घ्या म्हणाल्या, आमच्यात बसून बघा. सगळे आले, गोणपाटावर मांड्या घालून बसले. मावशींनी घरून हंडाभर ताक आणलं होतं, जिरं-मीठ-कोथिंबीर घातलेलं. प्या साहेब, अजून घ्या साहेब, माझी शपथ हाय साहेब! मी शेजारी बसून हसू दाबत होते. आता यांना जोराची लागेल आणि मग समजेल, असा बेत. तासाभरानं एकेक साहेब उठला, भिंतीआड गेला आणि हात झटकत परत आला. थोरले साहेब तर मोकळे होऊन हसत म्हणाले, "आजी, ताक काय फक्कड जमलंय हो!" मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आपण बाईच्या हिशेबानं डाव मांडला आणि यांना सगळ्या भिंती मोकळ्या, हे त्या बिचारीच्या ध्यानातच आलं नव्हतं. उरलेलं ताक त्यांनी शेजारणींना दिलं नाही. नाल्यात ओतलं.

त्यानंतर मावशी खचल्या. अंगावर सूज यायची, मधूनच ताप यायचा. रात्री धने भिजवलेलं पाणी प्यायचं आणि सकाळी पुन्हा बाजारात. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की खेकसायच्या, "भाजी काय डॉक्टर विकनार का?" अशात कमिटीवर एक नवीन बाईसाहेब आल्या. तरुण होत्या. पाहणीसाठी दिवसभर बाजारात थांबणार होत्या. ऊन लागलं म्हणून त्यांनी कुणाकडून तरी पाण्याचा तांब्या घेतला आणि ओठाला लावणार, तोच मावशींनी त्यांचा हात धरला. डाव-बिव विसरून गेल्या होत्या. लेकीला सांगावं तसं म्हणाल्या, "नको पिऊ गं बाई. सांजपातुर हितंच हायेस ना? हाल व्हतील तुजं." बाईसाहेबांनी का म्हणून विचारलं. मावशींनी सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत न पिता त्याच गोणपाटावर बसून राहिल्या. इतकी वर्षं भांडून जे झालं नाही, ते त्या एका वाक्यानं झालं. बाजाराच्या आतल्या अंगाला, नळासकट, दाराला आतून कडी असलेली बायकांची मुतारी मंजूर झाली. बाहेरून कुलूप लावून किल्ली वॉचमनकडे ठेवायचं घाटत होतं, ते मावशींनी हाणून पाडलं. "गड्याकडं किल्ली मागाया कोन जाईल रे?" असं भर मीटिंगीत विचारलं.

पण बांधकाम पुरं व्हायच्या आत मावशी बाजारातच कोसळल्या. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत, वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालंय. आता पाणी मोजून प्यायचं, दिवसाला फुलपात्रभर. मावशी मात्र हसल्या. "आता कुठं पाणी प्यायची सोय झाली, तर हा म्हनतो पिऊ नको. माजं नि पान्याचं जमायचंच नाय बघ." मी बाहेर येऊन दवाखान्याच्या जिन्यात रडले.

मुतारी उघडली त्या दिवशी मावशी हट्टानं रिक्षानं आल्या. फीत कापायला बोलावलं तर म्हणाल्या, "मला न्हाई त्यात जायचं." त्यांनी नवा माठ आणला होता. तो आपल्या जागेवर मांडून त्या एकेकीला हाक मारून पाणी द्यायला लागल्या. आणि गंमत बघा, बायका पिईनात! जन्माची सवय ती. ओठाला लावायच्या आणि खाली ठेवायच्या. मावशी ओरडल्या, "पी गं रांडे! एवढी भांडले ती काय भिंतीची पूजा कराया?" मग एक प्यायली, मग दुसरी. मावशी त्यांच्या घशाकडे बघत होत्या, घोट खाली उतरेपर्यंत. स्वतःचे ओठ कोरडे, पांढरे पडलेले. मला ते बघवलं नाही, मी तोंड फिरवलं.

शेवटी शेवटी त्या बोलत नव्हत्या फारशा. तहानेनं जीव कासावीस व्हायचा आणि आमचे हात बांधलेले. एक दिवस मला खुणेनं जवळ बोलावलं. "सूनबाई, पी म्हनून नको देऊ. मेथीवर मारती तसं मार जरा." मी वाटीत बोटं बुडवली आणि त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "आता ताजी दिसती का?" मी म्हटलं, "दिसता, मावशी." दोन दिवसांनी गेल्या.

परवा भाजीला गेले होते. मावशींच्या जागेवर एक नवीन लग्न झालेली पोरगी मेथी घेऊन बसली होती. माझ्याशी भाव बोलता बोलता तिनं बाटली उचलली, मान मागे टाकून घटाघटा पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा जुड्या लावायला लागली. तिला मावशींचं नाव ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "दिवसाचं पाणी किती पितेस गं?"

"कोन मोजतंय बाई," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीत मेथीची जुडी टाकली.