अस्तर वाळेपर्यंत

जळगावपासून धुळ्यापर्यंत एकही कलावंत असा उरला नसेल, ज्याचं चालू काम माझ्या व्याह्यांनी निदान एकदा तरी थांबवलेलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवूनच सांगायचं तर मी म्हटलं असतं, देवानं जग घडवायला घेतलं तेव्हाही हा माणूस शेजारी उकिडवा बसून "हे तुम्हाला सुचलं कसं?" म्हणून विचारत होता, आणि त्याला उत्तर देता देता आमच्या खानदेशात पुरेसा पाऊस घालायचं देवाच्या ध्यानातून गेलं.

यात त्यांचा तरी काय दोष? त्यांची सगळी नोकरी धुळ्याला जकात नाक्यावर गेली. येणारी गाडी हात वर करून थांबवायची आणि विचारायचं, "मझार काय शे?" मझार म्हणजे आत. गाडीत कापूस आहे की केळी, का केळीखाली लपवून आणखी काही, हे विचारण्यात त्यांची उमर गेली. मग नाके बंद झाले. गाड्या न थांबता पुढे जायला लागल्या, पण यांचा हात वर जायचा तो जायचाच. गाड्या ऐकेनात, म्हणून त्यांनी माणसं थांबवायला घेतली. त्यातही ज्याच्या हातून काही नवं निघतं असा माणूस दिसला की संपलं. गाणारा असो, मूर्ती करणारा असो, खापरावर मांडे करणारी बाई असो, यांचा हात वर आणि प्रश्न तोच. मझार काय शे?

मी नशिराबादचा. चौथीपर्यंत शाळा. पण आमच्या भागातला असा एक डॉक्टर, एक वकील दाखवा, ज्याचं नाव माझ्या हातून मोठं झालेलं नाही! पाट्या रंगवणं हा माझा धंदा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, केळीच्या ट्रकांची पाठ. मग फ्लेक्स आला. सकाळी सांगा, दुपारी न्या, आणि वर गिऱ्हाइकाचा फोटो. लोक मला म्हणाले, आबा, तुम्ही पण मशीन घ्या. मी म्हटलं, मी मरेन पण मशीन घेणार नाही. मेलो नाही, मशीनही घेतलं नाही. ब्रश धुतले, रॉकेलच्या बोळ्यात गुंडाळले आणि पत्र्याच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला. सुरेखाच्या, म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नाला फक्त एकदा काढला. पोरीच्या मांडवाच्या दारात मशीनचं अक्षर लावायला माझं मन धजेना. 'सुस्वागतम' एवढीच पाटी केली आणि डबा परत वर. बायकोला सांगून टाकलं, आता हा माझ्या तिरडीबरोबरच खाली येईल.

त्याच लग्नात व्याह्यांची आणि माझी पहिली खरी ओळख झाली. वरात दाराशी आली. मी हातात शेला नि नारळ घेऊन व्याहीभेटीला उभा. नवरदेव आला, वऱ्हाड आलं, नवरदेवाचा बापच नाही. तेवढ्यात बँडही बंद पडला. शोधाशोध झाली तर व्याही बँडच्या गाडीमागे क्लॅरिनेटवाल्यापुढे बसलेले, आणि तो एरंडोलचा बिचारा वाजवायचं सोडून त्यांना सांगत होता की वरातीत वाजवतो ते लोकांचं, आणि परत जाताना रिकाम्या गाडीत बसून वाजवतो ते आपलं. मुहूर्त डोक्यावर आला होता. मी म्हटलं, "अहो, पोराचं लग्न आहे ना तुमच्या?" तर मला म्हणतात, "दोन मिनिट थांबा. माणूस आताच खरं बोलाले लागना."

पुढं पंगत बसली आणि वरपक्षाच्या रिवाजाप्रमाणे व्याही रुसले. पानावर बसेनात. मुलीच्या बापाचा जीव अशा वेळी कुठं असतो, ते मुलीच्या बापालाच ठाऊक. आता अंगठी मागतात का मोटारसायकल, म्हणून मी हात जोडून पुढं गेलो. त्यांनी दाराकडे बोट केलं. "याही, हाई अक्षर कोनं शे?" धुळ्याकडे व्याह्याला याही म्हणतात. मी म्हटलं, "माझंच." म्हणाले, "मंग ती पाटी द्या. नही त मी जेवत नही." सगळा मांडव हसला. त्यांच्या घरच्यांनी कपाळावर हात मारला. मी स्वतः शिडी लावून पाटी उतरवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली, तेव्हा कुठं त्यांनी वरणभाताला हात लावला. जाताना नव्या नवरीपेक्षा त्या पाटीलाच गाडीत जास्त जपून बसवलं होतं, असं आमची सुरेखा अजून ऐकवते.

तेव्हापासून ते माझ्या मागे लागले. "तुम्हनं काम कवय सांगतस?" कवय म्हणजे कधी. दर दिवाळीला, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हाच घोष. मी म्हणायचो, मी कलावंत नाही, पेंटर आहे. कलावंताला सुचतं, पेंटरला सांगतात. पण त्यांना कोण समजावणार? चाळीसगावच्या एका मूर्तिकाराकडे ते गणपतीच्या ऐन हंगामात जाऊन बसले. तो म्हणाला, डोळे मी सगळ्यांत शेवटी काढतो, डोळे काढले की मूर्ती माझी राहत नाही, म्हणून जीव होत नाही, उशीर करतो आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. यावर आमचे व्याही इतके गहिवरले की त्या वर्षी अर्धे गणपती डोळ्यांवाचून तसेच बसून राहिले. पुढच्या हंगामात मूर्तिकाराच्या बायकोनं यांना पाहिलं की दाराला कडी लावायला सुरुवात केली. एक मांडे करणारी बाई त्यांना म्हणाली, "नाना, पीठ माझं सगळं ऐकतं, फक्त नवरा ऐकत नाही." ते वाक्य तर त्यांनी माझ्या घरी येऊन, माझ्या बायकोसमोर, मोठ्यानं सांगितलं. आमच्या घरात ते अजून चालू आहे.

एक खरं, नुसतं कौतुक करून उठणारे ते नव्हेत. पोट कशावर चालतं, हेही विचारायचे, आणि तेवढ्याच आवाजात. जळगावची एक मुलगी चांगली नोकरी सोडून चित्रं काढते असं कळलं, तर तिच्याकडे गेले. तिचे वडील म्हणाले, हिला समजावा. यांनी तिला विचारलं, चित्रं कोण घेतं, नाही घेतली तर काय करशील, घाबरतेस का. ती म्हणाली, रोज घाबरते, पण सकाळी ब्रश धरला की दुपारपर्यंत विसरते. यांनी बापाकडे वळून सांगितलं, "पोरगी घाबरी शे, म्हणजे शुद्धीवर शे. ऱ्हाऊ द्या तिले." ती मुलगी आता शाळांमध्ये चित्रं शिकवते आणि उरल्या वेळात स्वतःची काढते. मोठी झाली का लहान राहिली, ते मला कळत नाही. पण बाप आता तिची चौकट स्वतः ठोकून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग माझ्या जावयानं, म्हणजे त्यांच्याच पोरानं, त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि या बोलण्यांचे व्हिडिओ निघायला लागले. "आपन गयो तरी हाई ऱ्हाई," म्हणायचे. शेवटी एका हिवाळ्यात त्यांनी मला गाठलं ते आमच्या शेतात, भरिताच्या पार्टीला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली, ती होईपर्यंत माणूस जाणार कुठं? त्यांनी मोबाइल मातीच्या ढेकळाला टेकवून उभा केला आणि हात वर केला. "याही, मझार काय शे?"

काय झालं कोण जाणे, मी बोललो. पहिली पाटी केली ती न्हाव्याच्या दुकानाची, तेव्हा मला सगळी जोडाक्षरं येत नव्हती, चित्रासारखी बघून काढली, हे सांगितलं. पाटी झाली की मी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचो, वाचत वाचत जाणारी माणसं बघायला, हेही सांगितलं. आणि म्हटलं, "फ्लेक्सवर राग नाही माझा. मला दुःख याचं आहे की आता कोणी पलीकडून बघतच नाही." वांगी जळून कोळसा झाली. सगळी पार्टी आमच्या नावानं ओरडली. मला भूकच राहिली नव्हती.

पुढची गोष्ट सुरेखानं शोधून काढली. सासऱ्यांचे व्हिडिओ एका जागी नीट लावून ठेवावेत म्हणून ती बसली, तर प्रत्येकात कलावंताचा फक्त आवाज, आणि चित्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमचे व्याही! मोबाइलमध्ये पुढचा नि मागचा असे दोन कॅमेरे असतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. स्वतःचं तोंड समोर दिसलं की यंत्र चालू आहे, असा त्यांचा हिशेब. इतक्या वर्षांची इतकी माणसं, आणि एकाचाही चेहरा नाही. सगळं वाया गेलं म्हणून व्याह्यांनी मला फोन केला. "बठ्ठं वाया गयं, याही!"

मी धुळ्याला गेलो आणि माझा व्हिडिओ लावायला सांगितला. पाहिला आणि उठवेना. कपाळावर आठ्या, तोंड अर्धं उघडं, मान एका अंगाला, जणू कोणी पाणी ओततंय आणि एक थेंब सांडू द्यायचा नाही. मी न्हाव्याच्या पाटीचं सांगत होतो तेव्हा ते गालात हसत होते. पलीकडून कोणी बघत नाही असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले होते, आणि मी समोर बसून वांग्यांकडे बघत होतो. आयुष्यभर मी रस्त्यापलीकडे उभा राहून हेच शोधलं होतं. मोबाइल आल्यावर व्याह्यांनी त्या क्लॅरिनेटवाल्यालाही पुन्हा गाठलं होतं, त्याला सुरेखानं त्याचा व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, ताई, पुसू नका, वरातीत लोक नाचतात, ऐकताना माणूस कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच बघितलं.

हे सगळं चांगलं झालं असतं, पण मागच्या वर्षापासून त्यांचे कान गेले. नाक्यावरच्या हॉर्ननी नेले, असं त्यांचं म्हणणं. कानाचं मशीन आणलं तर ते खिशात ठेवतात. म्हणतात, त्यात माणूस पत्र्यावर बोलल्यासारखा ऐकू येतो. हळूहळू त्यांनी कुठं जाणंच सोडलं. ज्याला उत्तर ऐकू येणार नाही त्यानं प्रश्न कशाला विचारायचा, असं त्यांनी मनाशी धरलं. सुरेखाचा फोन आला. "आबा, नानांनी चार दिवसांत कोणाला काही विचारलं नाही. भाजीवालीलासुद्धा नाही. ते असेच बसले ना, तर जातील."

मी माळ्यावरून डबा काढला. बायको बघत होती, पण तिरडीचा शब्द तिनं काढला नाही. एसटीत डबा मांडीवर घेऊन धुळ्याला उतरलो. व्याही ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी समोर जाऊन बसलो. ते बघेनात. मी डबा आवाज करून खाली ठेवला, तोही आवाज त्यांना गेला नाही. पण डबा दिसला. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जुन्या सवयीनं हात आपोआप वर गेला.

"मझार काय शे?"

मी डबा उघडला. ब्रश कडक झाले होते, त्यांना नरम करायलाच दुपार गेली. लिहायला घरात पाटी एकच, आतल्या खोलीत टांगलेली, लग्नातली. मी ती उतरवली तसे ते दोन्ही हात पसरून आडवे आले. मी ती पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं, तेव्हा बाजूला झाले. दोरी धरून रेघ मारली आणि उत्तर लिहिलं. एकच शब्द. 'ब्रश'. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत वाकडं अक्षर ते. व्याह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि सुरेखाला हाक मारली, "बेटा, मोबाइल आन!"

आता महिन्यातून एकदा मी जातो. सुरेखा जुने पत्रे जमवून ठेवते. ते विचारतात, मी रंगवतो. त्यांच्या अंगणात पत्रे वाळत उभे असतात आणि गल्लीतली माणसं थांबून वाचतात. 'भरीत बरं झालं होतं.' 'नाही.' 'तुम्हाला काय करायचंय?' प्रश्न माहीत नसल्यामुळे लोक बुचकळ्यात पडतात. एका म्हाताऱ्यानं तर तिसरी पाटी आपल्या दारावर लावायला मागून नेली. क्लॅरिनेटवालाही येऊन गेला. त्यानं आपली उत्तरं माझ्याकडून लिहून घेतली, म्हणजे उत्तर तो सांगायचा आणि अक्षर माझं.

परवा व्याह्यांनी विचारलं, "याही, एवढ्या लांबून येतस, तुम्हले कटाळा नही येस का?" याचं उत्तर लांब होतं. मोठा पत्रा घेतला आणि अस्तराचा, म्हणजे अक्षराखालच्या पहिल्या रंगाचा, हात दिला. अस्तर वाळल्याशिवाय अक्षर धरत नाही, हे त्यांना आता ठाऊक आहे. तोवर ते समोर बसून माझ्याकडे बघत राहतात, कपाळावर आठ्या, तोंड अर्धं उघडं, मान एका अंगाला. ऊन चांगलं होतं, पत्रा लवकर वाळला. अस्तराला एक हात पुरतो, तरी मी मुकाट्यानं दुसरा द्यायला घेतला.