डंजनेसला मी देवाशी भांडले

नवरा गेल्यापासून मी देवाशी बोलणं सोडलं होतं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात सासूबाई रोज पूजा करायच्या, मी त्यांना बागेतली फुलं आणून द्यायची, तेवढंच. नर्स म्हणून आयुष्यभर इतरांची माणसं सांभाळली, आणि माझाच नवरा बावन्नाव्या वर्षी उचलून नेला. अशा देवापुढे हात कशाला जोडायचे? त्या रागात माझं काही चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

डंजनेस म्हणजे इंग्लंडचं वाळवंट, असं माझा नवरा सांगायचा. आईला तिथे न्यायचं त्याच्या मनात होतं, ते राहून गेलं. म्हणून या जुलैत, उन्हात बाहेर पडू नका असं बातम्यांत सांगत असतानाही, मी ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना गाडीत बसवलं आणि निघाले. केंट परगण्याच्या त्या समुद्राकाठच्या टोकाला झाड औषधालाही नव्हतं. नजर जाईल तिथवर दगडगोटे, मधूनच एखादं काळं लाकडी घर. आईंना फार चालवत नाही, म्हणून समुद्र जवळून दाखवायला मी गाडी रस्ता सोडून आत घातली. चाकं गोट्यांत रुतली. जितका जोर लावला तितकी खोल गेली, आणि शेवटी इंजिन तापून बंद पडलं.

फोन लागत नव्हता. पाणी संपत आलं होतं. अर्ध्या तासात आईंचं बोलणं अडखळू लागलं, अंग तापलं, घाम थांबला. हा उष्माघात होता, हे नर्स म्हणून मला चांगलं कळत होतं.

“देवाला हाक मार गं,” त्या पुटपुटल्या.

“मी नाही मारणार,” मी म्हणाले.

उरलेल्या पाण्यात ओढणी भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवली, गाडीची दारं उघडी टाकली आणि मदत शोधायला निघाले. थोड्या अंतरावर पाय घसरून पडले, गुडघा फुटला, आणि साठलेलं सगळं बाहेर आलं. आकाशाकडे बघून मी मराठीत ओरडले, “एक नेलास. ही नाही देणार. ऐकतोयस ना? ही नाही देणार.”

जवळच्या काळ्या घराचं दार उघडलं. सत्तरीची एक बाई बाहेर आली. मी धापा टाकत गाडीकडे बोट दाखवलं. तिने आत जाऊन घरच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मासे ठेवायच्या बर्फाचा डबा उचलून माझ्यापुढे चालू लागली. तो बर्फ टॉवेलात गुंडाळून आम्ही आईंच्या मानेला, काखेत लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले आणि माशांच्या वासाने नाक मुरडलं. मी रडले ती तेव्हा.

“मी झोपले होते,” ती बाई म्हणाली. “कोणीतरी भांडतंय असं वाटलं म्हणून उठले. कोणाशी भांडत होतीस?”

मी आईंपाठोपाठ ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी आईंना मी सगळं सांगितलं. “हाक नाही मारली, आई. भांडले.”

“त्याला तेही चालतं,” असं म्हणून त्या कूस बदलून झोपल्या.

तो चमत्कार होता की त्या बाईची झोपच सावध होती, यावर मी वाद घालत नाही. देवाला शरण जाणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, अशी माझी समजूत होती. त्या दुपारी माझ्यापाशी रागाशिवाय काही उरलं नव्हतं. तोच मी त्याच्या पुढ्यात टाकला, आणि त्याने तो घेतला. आता रोज त्याच्याशी बोलते. आईंसाठी आभार मानते, मनापासून मानते. आणि लगेच विचारते, माझा नवरा का नेलास? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहे.