दानाची साडी

मी देवीला फसवायला निघाले होते. पकडलं सासूनं.

आज आत्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदाचं कबूल करून टाकते. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

आष्टीत आमचं कापडाचं दुकान. सासरे लवकर गेले, तेव्हापासून गल्ल्यावर आत्याच. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना नवरात्रात आमच्या दुकानातून साडी, हा त्यांचा नेम. ओटी भरायच्या, साडीची घडी मोडायच्या आणि पदर स्वतःच्या हातानं त्या बाईच्या खांद्यावर टाकायच्या.

"या नऊ दिसांत पायरी चढून येईल ती देवीच हाय. कुठून आली ते इचारायचं न्हाई."

मी बी.कॉम. झालेली नवी सून. डोक्यात सतत बजेट, मार्जिन, स्टॉक.

त्या वर्षी खरेदीला मी गेले आणि देण्याघेण्यातल्या साड्यांचा अख्खा गठ्ठा उचलून आणला. तुम्हीही पाहिल्यात या साड्या. दिसायला झकपक, अंगाला टोचणाऱ्या, लांबीला अपुऱ्या. मिळालेली कुणी नेसत नाही, पुढं दुसऱ्याला देऊन टाकतं.

म्हटलं, फुकट तर वाटायच्यात. कोण बघतंय?

पहिल्या माळेला पहिल्याच बाईच्या खांद्यावर पदर टाकला आणि आत्यांचा हात थांबला. कापडात जन्म गेलेला हात तो.

"थांब गं बाई. ही माझी साडी हाय, चुकून इकडं आली."

तिला आत नेलं, गादीवर बसवलं. "त्या रॅकमधली तुला आवडंल ती काढ."

त्या नवरात्रात आलेल्या सगळ्या बायकांनी आमच्या चांगल्या रॅकमधून साड्या निवडल्या. मी घड्या घालत होते, तोंड एवढंसं करून.

मला वाटलं, घरी गेल्यावर शिव्या बसतील. एक शब्द नाही. शिव्या परवडल्या असत्या हो.

पुढच्या मंगळवारी आत्या तीच साडी नेसल्या. कशाबशा तीन निऱ्या, खाली घोटे उघडे. तशाच गल्ल्यावर येऊन बसल्या.

गिऱ्हाईक विचारायचं, "काकू, आज ही कुठली साडी?"

"सुनेनं देवीसाठी आणलीया."

असं दर मंगळवारी. वर्षभर. धुऊन धुऊन तिचं पोतेरं झालं तरी.

एकदा मी रडलेच. "आत्या, चुकलं माझं. पुरे ना आता."

"अगं, ती बाई उसाच्या फडात हीच नेसून वाकली असती ना? मंग मी तर नुसती बसून ऱ्हाती. मला काय हुतंय?"

डोळे पुसत आत गेले.

पुढं दुकान माझ्या हातात आलं. किल्ल्या दिल्या, चेकवर सह्या माझ्या. पण नवरात्राच्या साड्या निवडणं, तेवढं एक काम नाही. दरवर्षी मी बाजूला उभी आणि आत्या एकेक पदर चोळून बघणार. लई लागायचं मला. एवढी वर्षं संसार केला, दुकान वाढवलं, पण या एका विषयात नापास ते नापासच.

गेल्या वर्षी त्यांच्या कंबरेचं हाड मोडलं. पलंगावरून उठता येईना. नवरात्र तोंडावर आलं आणि एका दुपारी हाक मारली.

"औंदा साड्या तू काढ."

दोन दिवस लागले मला. एकूण एक साडी स्वतः नेसून बघितली. नवरा हसत होता, हसू दिलं. मग गठ्ठा पलंगाशी नेला, वरची साडी उलगडली आणि पदर त्यांच्यापुढं धरला.

आत्यांनी पांघरुणातून हात बाहेरच काढला नाही.

"मला कशापायी दाखवती? जा, बायका खोळंबल्यात."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी त्या गेल्या.

आत्या, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.