विमानं मोडणारे शशीकाका

विमानं मोडायचा पगार घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: रोह्याचे शशीकाका, माझ्या वडिलांचे मित्र. नोकरी दूर कुठल्याशा चाचणीशाळेत. तिथे विमानाचा पंख यंत्राला बांधून दिवसरात्र वरखाली वाकवायचा आणि पहिला तडा कुठे जातो ते शोधायचं.

"आणि मग?" मी विचारायचे.

"मग काय गो? उडणाऱ्या विमानांचा तो भाग तडा जायच्या कितीतरी आधी बदलायचा."

निवृत्त झाल्यावर ते रोह्याहून गाडीने पेणला, आमच्या गणपतीच्या कारखान्यात येऊन बसायचे. खुर्चीचा पाय असो की दाराची बिजागरी, कोपऱ्यावरून नख फिरवल्याशिवाय त्यांना चैन नसे. "तडा कोपऱ्यात नायतर भोकापाशी जन्मतो," म्हणायचे. आम्ही हसायचो. सवयीला औषध नाही!

एका श्रावणात मोठी मूर्ती चेनपुलीने उचलून टेम्पोत चढवायची होती. मूर्ती वर गेली की माझा धाकटा भाऊ बाळा तिच्याखाली शिरून पाट सरळ करतो. काकांनी आधी चेनपुलीचा हूक काढायला लावला. रॉकेलने पुसला, कोरडा केला, वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळाने हुकाच्या वाकणात, पांढऱ्या पुडीवर, केसासारखी ओली रेघ उमटली.

"आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतंय. तडा हाय."

गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं. मी तडकले. "अहो काका, बाबांच्या वेळेपासून याच हुकानं गणपती उचलतोय. काय झालंय आजवर?"

"अगो, आजवरच्या प्रत्येक गणपतीनं थोडं थोडं खाल्लंय त्याला."

नवा हूक आणला, मूर्ती गेली. पण मला राहवेना. खरंच तुटला असता? जुन्या हुकाला मूर्तीच्या वजनाची शाडूची पोती टांगली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि उचल-ठेव सुरू केली. हूक ढिम्म! कारागीर खिदळू लागले.

"काका, हा आपल्या सगळ्यांना पोचवून येईल!" बाळा म्हणाला.

काकाही हसले. "नाय तुटला तर बरंच की."

चहा येईपर्यंत तुटला. आवाज केवढासा, कट्! पोती फुटून शाडू आमच्या पायांपर्यंत उडाली. मी बाळाचा दंड धरला तो सोडवेना. काका मात्र तुकडा उजेडात धरून निरखत होते.

"हे बघ, हा काळा भाग आधीच तुटलेला. बाळाच्या डोक्यावर गणपती धरून होता तो एवढाच, हा चकचकीत काठ."

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

काका मागल्या वर्षी गेले. हूक आम्ही दर श्रावणाआधी बदलतो. उतरवलेला हूक हातात घेऊन बाळा कुरकुरतो, "ताय, चांगला हाय की गो हा!"

"व्हय," मी म्हणते. "चांगला हाय तोवरच काढायचा."